सांगलीत गाडीमालकांच्या क्लबात पैसे भरून जाण्यात काही अर्थ आहे का?

गावभागकर

नमस्कार मंडळी. घरात दोन गाड्या आहेत. एक २०१२ ची स्विफ्ट डिझेल, दुसरी १९९६ ची कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. दोन्ही एमएच-१०. इथल्याच एका गाडीमालक क्लबाकडून बोलावणं आलंय. प्रवेश फी ५०० आणि वर्षाची वर्गणी १,५००. त्यात मागच्या काचेचा स्टिकर, टी-शर्ट, महिन्यातून एका रविवारी सकाळी विश्रामबागेत जमणं, वर्षातून दोन-तीन सहली आणि व्हॉट्सॲप ग्रुप.

क्लबाचे लोक म्हणतात की विम्यात सूट मिळते, सुटे भाग स्वस्त पडतात आणि आरटीओच्या कामात मदत होते. यातलं खरं किती? ८०० ची नोंदणी यंदा परत संपतेय, त्याचाही प्रश्न आहे. पैसे भरण्याआधी नेमकं काय विचारावं? चहा आणि गप्पा फुकटातही होतात, म्हणून विचारतोय.

पाना_बारातेरा

टी-शर्ट सोडा. पहिल्या रविवारी गेलात की क्लबाचं कपाट उघडून दाखवायला सांगा. क्लबाचं स्वतःचं सामान काय आहे, ते कुणाच्या घरी असतं आणि न्यायचं तर कुठल्या वहीत सही करायची? वर्षातून दोनदा लागणारी आणि एकट्यानं घ्यायला जिवावर येणारी हत्यारं सामाईक असणं, वर्गणी भरायला मला हेच पहिलं कारण वाटतं. कपाटच नसेल तर तो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, क्लब नव्हे.

दोन किंवा तीन टनी ट्रॉली जॅक आणि चार जॅक स्टँड हवेत. जॅक आहे पण स्टँड नाहीत, असं असेल तर तिथं गाडीखाली कुणी शिरू नये. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी बसकण मारेल सांगता येत नाही. दुसरं टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोरानंच आवळता येणारा पाना. आपल्याकडं चाकाचे नट पान्याला पाईप लावून, वर पाय देऊन आवळतात. त्यानं स्टड ताणले जातात, डिस्क एका बाजूला ओढली जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरायला लागतं. मग लोक अलाइनमेंट करत बसतात. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. समोरासमोरचे नट घ्यायचे, चाक जमिनीला टेकवून, दोन फेऱ्यांत.

तिसरा कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा. तुमच्या ८०० साठी हा सोन्यासारखा. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडायची, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा ठोके होईपर्यंत सेल्फ मारायचा. बॅटरी अर्धवट असेल तर आकडे खोटे येतात, म्हणून आधी तीच चार्ज करून घ्यायची. आकडा किती आला यापेक्षा तिघांत फरक किती ते बघा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या तीन-चतुर्थांशाच्या खाली गेला तर दुखणं आहे. त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन एकदम पडले असतील तर हेड गॅस्केट. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे, आणि तो कागद हातात असला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन घेऊन जाताना आपण काय करायला चाललोय ते आपल्याला माहीत असतं. नाहीतर रिंगांच्या कामासाठी गेलेली गाडी बोअर करून परत येते. डिझेलला हा गेज चालत नाही, तिथला दाब फार जास्त असतो. त्याचा गेज आणि ॲडाप्टर वेगळे.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरचं तसंच. स्वस्तातली ईएलएम ३२७ या चिपच्या स्कॅनरची नक्कल घेऊन लोक फसतात, कारण तिच्यात निम्म्या भाषा नसतातच. शिवाय २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत १६ पिनांचं सॉकेट दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते, साधा स्कॅनर तिथं मुका. क्लबात एक बऱ्यापैकी स्कॅनर आणि तो वाचता येणारं माणूस असलं की पुरतं. वाचता येणारं हे महत्त्वाचं. पी०४०१ हा कोड आला की ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) वायू कमी जातोय, बहुतेक वेळा व्हॉल्व्ह काजळीनं भरलेला असतो, साफ करून भागतं. पी००८७ आला की इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये दाब कमी. तिथं आधी डिझेल फिल्टर बदलायचा, नळ्यांतून हवा शिरतेय का बघायचं, आणि मगच पंपाचं नाव काढायचं. उलट्या क्रमानं गेलात तर पंप नवा आणि कोड तोच.

तुमच्या स्विफ्टसाठी आणखी एक विचारा: १.३ डिझेलच्या किती गाड्या आहेत? हेच इंजिन डिझायर, रिट्झ, पहिली अर्टिगा, पुंटो, लिनिया, टाटा व्हिस्टा, मांझा या सगळ्यांत होतं. अशा आठ-दहा गाड्या असतील तर तुम्हाला ज्याची धास्ती आहे ते कुणाचं तरी आधीच होऊन गेलेलं असतं. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, साखळी आहे, आणि साखळीचा ताण ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल बदलायला उशीर केला किंवा पातळी खाली गेली की सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. ती खडखड कशी असते हे लिहून कळत नाही. दुसऱ्याच्या गाडीचं बॉनेट उघडून एकदा ऐकलं की जन्मात विसरत नाही.

तीनसिलिंडर

वरच्या सगळ्याला दुजोरा. मी फक्त ८०० पुरतं लिहितो.

कार्ब्युरेटर लावता येणारे मिस्त्री कमी होत चाललेत, आणि त्यातच पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांतले रबर आणि धातू त्याला टिकतील असे आहेत. १९९६ च्या गाडीत यातलं काही नाही. काय होतं ते क्रमानं सांगतो. टाकीपासून पंपापर्यंत आणि पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या फुगून मऊ होतात किंवा उलट ताठ होऊन टोकाला तडकतात. यांत्रिक पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) कडक होतो. चढावर गाडी दम खाते आणि सपाटीला आली की नीट चालते, ही त्याची खूण. डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, म्हणून डिपस्टिकचा वास घ्यायची सवय ठेवा. गाडी उभी राहिली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलच्या (पेट्रोल साठणारी वाटी) तळाशी पांढरी भुकटी साचते. तीच जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात अडकते.

उपाय: सगळ्या नळ्या एकदम बदला, परतीची आणि टाकीच्या हवेची धरून. दुकानात व्हायटॉन अस्तराची इंजेक्शन गाडीची नळी मागा, काळी साधी नको. मापाला जुना तुकडा सोबत न्या. क्लिपा स्क्रूच्या. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं (निव्वळ पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा, २० टक्क्यांना साडेतेराच्या आसपास) आणि कार्ब्युरेटरला हे आपणहून कळत नाही. सुरुवातीला आयडलचा मिश्रण स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर काढून बघायचा. चालत्या गाडीत हिसके राहिलेच तर मुख्य जेट एक नंबर मोठा. ड्रिल घालून जेट मोठा करणाऱ्याला हात लावू देऊ नका. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पंपाकडची नळी काढून बाऊल कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा.

इथं क्लबाचा उपयोग असा: डायफ्राम किट, जेट, नळी, फ्लोटची सुई हे दहा जणांसाठी एकदम मागवता येतं. एकट्यासाठी दुकानदार दुकान उलथंपालथं करत नाही, दहाची यादी दिली की करतो. यादीत पार्ट नंबर लिहून द्या, "८०० चा पंप" एवढंच लिहिलंत की काहीही येतं.

आता नोंदणी. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत. उशीर झाला तर चारचाकीला दर महिन्याला ५०० रुपये जादा. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या हलक्या चारचाकीची नूतनीकरण फी १०,००० रुपये आहे, १५ ते २० वर्षांच्या गाडीला ५,०००. त्यावर पर्यावरण कर वेगळा. नोंदणी वाढवून मिळते पाच वर्षं. म्हणजे क्लबात कुणी "साहेब ओळखीचे आहेत" म्हणालं तरी ही रक्कम कमी होत नाही, आणि गाडी तपासणीला न्यावीच लागते. सोबत विमा आणि पीयूसी चालू हवेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

तपासणीत जुन्या गाड्या इंजिनापेक्षा पत्र्यावर आणि चासी नंबरावर अडतात. नंबरावर रंग किंवा गंज चढला असेल तर थिनरचं फडकं आणि नरम ब्रश, बस. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात नको, आकडा खरवडल्यासारखा दिसला की वेगळीच चौकशी मागं लागते. वर कागद धरून पेन्सिल आडवी घासा, आकडे उठले पाहिजेत. मग बॅटरीचा ट्रे, पायाखालचा पत्रा आणि जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पत्रा आहे, भदभद आला तर आत पुट्टी आहे. एका गाडीला हे काम दिवसभराचं. चार ८०० वाले एकत्र बसले तर दिवसाला चार होतात.

कागदपत्री

विम्यातल्या सवलतीबद्दल. ही गोष्ट अर्धी खरी आहे म्हणून जास्त पसरते.

२००२ च्या मोटार टॅरिफमध्ये मान्यताप्राप्त ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदाला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५ टक्के सूट लिहिली आहे, खासगी गाडीला कमाल २०० रुपये. मान्यताप्राप्त म्हणजे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, जी १९१९ पासून आहे, आणि देशातल्या तसल्याच इतर मोजक्या संस्था. गावातल्या क्लबाचं ओळखपत्र दाखवून ही सूट मिळत नाही. मिळाली तरी हिशोब करा: ८०० ची किंमत विम्यात चाळीस हजार धरली तर स्वतःच्या नुकसानीचा हप्ता हजार-दीड हजार, त्याचे ५ टक्के म्हणजे पन्नास ते पंचाहत्तर रुपये. तशीच एआरएआय (पुण्याची वाहन संशोधन संस्था) मान्य चोरीविरोधी यंत्राची २.५ टक्के सूट आहे, कमाल ५००. आणि तिसऱ्या पक्षाच्या हप्त्यावर यातलं काहीच लागू नाही.

क्लबात कुणी ८०० ला "व्हिंटेज" करून देतो म्हणाला तर हसून सोडून द्या. केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं व्हावी लागतात. तुमची गाडी २०४६ ला बसेल. फी नव्या नोंदणीला २०,०००, नंबरात व्हीए ही अक्षरं, आणि ती गाडी रोज बाजाराला न्यायची नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. विम्याच्या टॅरिफमधली व्हिंटेज तर आणखी जुनी, १९४० च्या अखेरीपर्यंतची.

पैसे भरायच्या आधी पावती मागा आणि तिच्यावर नोंदणी क्रमांक आहे का बघा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसांत संस्था नोंदवता येते, आपल्याकडं धर्मादाय कार्यालयात. नोंदलेली असेल तर बँक खातं संस्थेच्या नावावर असतं, हिशोब तपासला जातो आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. नोंदलेली नसेल तर लगेच वाईट असं नाही, बरेच चांगले गट तसेच चालतात. पण मग वर्गणी एका माणसाच्या खात्यात जाते आणि तो जॅक उद्या कायद्यानं कुणाचा, याला उत्तर नसतं. तशा ठिकाणी दीड हजार नको, जेव्हा जे घ्यायचं तेव्हा त्यापुरती वर्गणी काढा.

घाटावरचा

सहलींचा विषय कुणी काढला नाही म्हणून थोडक्यात.

दंडोबा, सागरेश्वर इथपर्यंत सकाळची फेरी चांगली. आंबा घाट धरलात तर मात्र दहा-बारापेक्षा जास्त गाड्या नकोत. पुढं एक जाणता, मागं एक जाणता, आणि एकच नियम: आपल्या मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली की पुढच्या मोकळ्या जागी थांबायचं. एवढा नियम पाळला तर फोनवर "कुठं आहात" करायची वेळच येत नाही. हजार्ड लाइट लावून रांगेत चालवणारे क्लब असतात, त्यांच्यापासून लांब राहा. वळायचा इंडिकेटर मागच्याला कळतच नाही. ऊसतोड चालू असेल तर परतीचा प्रवास दिवस मावळायच्या आत संपवा. दोन ट्रॉल्यांच्या मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि उसाची टोकं बाहेर हातभर.

घाटाच्या आधी ब्रेक ऑइल तपासून घ्या, क्लबाकडं पेनासारखा टेस्टर असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ (डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती) किमान २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ ला. डॉट ३ चे आकडे २०५ आणि १४०. उतारावर सतत पाय ठेवला की ते उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. काळं पडलंय का हे बघून कळत नाही, दोन वर्षांनी बदलायचंच. आणि चढताना जो गिअर लागला त्याच गिअरमध्ये उतरायचं.

एक धोक्याची खूणही सांगतो. बंपरला लोखंडी गार्ड, काळी फिल्म, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर या गोष्टींचं क्लबात कौतुक होत असेल तर पाहुणा म्हणून चहा प्या आणि परत या. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलंय. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला फोटो त्या गार्डचाच काढते.

गावभागकर

उत्तम माहिती, धन्यवाद. नावावरून कळलंच असेल, घर गावभागात. २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांना आठवतायत. पुराच्या बाबतीत क्लबाचा काही उपयोग असतो का, की तिथं ज्याचं त्यानं बघायचं?

आयर्विन_४०

सांगलीत क्लबात जायचं एकच कारण द्या म्हटलं तर मी पूर हेच देईन. बाकीचं सगळं गॅरेजवाल्याला पैसे देऊनही होतं. पुराच्या आठवड्यात पैसे देऊनही माणूस मिळत नाही.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथं ४० च्या आसपासच पाणी शिरायला लागतं, गावभाग आणि मारुती चौक त्यानंतर. म्हणून चांगल्या क्लबाची पूर-यादी जूनच्या आधी तयार असते. कुणाची गाडी कुठल्या गल्लीत, दुसरी किल्ली कुणाकडं, घरातलं माणूस परगावी असेल तर गाडी कोण काढणार, आणि विश्रामबाग किंवा मिरजेच्या बाजूला कुणाच्या आवारात किती गाड्या मावतात. पाणी ३५ ला आलं की कोयनेच्या विसर्गाची बातमी बघत बसायचं नाही, गाड्या हलवायच्या. ४० झाल्यावर रस्त्यावर ट्रॅक्टर, म्हशी आणि सामानाचे टेंपो एकदम येतात, तेव्हा गल्लीतून गाडी निघत नाही. नेऊन ठेवलेली गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका. दमट हवेत आठ-दहा दिवसांत मागचे लायनर ड्रमला चिकटतात.

आणि गाडी अडकलीच तर पुढचं नीट वाचा. किल्ली लावायची नाही. "चालू होते का बघू" या एका सेल्फमध्ये गाडी जाते. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी असलं आणि पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. डिझेलमध्ये वर जागाच कमी, त्यामुळे स्विफ्टला धोका ८०० पेक्षा जास्त. साध्या सर्वंकष विम्यात हे नुकसान परिणामी नुकसान म्हणून नाकारलं जातं, त्याला इंजिन संरक्षणाचं जोडकलम वेगळं घ्यावं लागतं. शून्य घसाऱ्याचं कलम म्हणजे हे नव्हे, दोन्ही वेगळी आहेत. नूतनीकरण एप्रिल-मेमध्ये येत असेल तर त्याच वेळी बघून घ्या.

पाणी उतरलं की आधी फोटो: दारावरची चिखलाची रेघ, आतली रेघ, नंबर प्लेट, सगळं एकाच फ्रेममध्ये येईल असे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. मग बॅटरीची ऋण वायर सोडा. गाडी ओढून न्यायची नाही, फ्लॅटबेडवर चढवायची.

त्यानंतर चार माणसं आणि कपाटातली हत्यारं लागतात. एअर फिल्टर उघडा. कोरडा असेल तर निम्मं संकट टळलं. ओला असेल तर इंटरकूलरच्या खालची नळी काढा, तिथून बादलीभर निघू शकतं. पेट्रोल गाडीचे प्लग काढा, डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग (थंड स्टार्टला सिलिंडर तापवणारे). मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. हळू. मध्येच कडक लागलं तर थांबा, जोर लावू नका. भोकातून पाणी उडेल, तिकडं तोंड करून उभं राहायचं नाही. नीट फिरलं आणि पाणी यायचं थांबलं की प्रत्येक भोकात थोडं ऑइल. डिपस्टिकला दुधाळ चहाचा रंग असेल तर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, पाच मिनिटं आयडलला चालवून तेही काढून टाका आणि परत नवं भरा. पहिल्या भरणीला महाग ऑइल घालू नका, ते धुवायचंच आहे. गिअरबॉक्सचं ऑइल बदला. त्याच्या श्वासनळीतून पाणी आत जातं हे पुष्कळ जण विसरतात आणि पुढं सहा महिन्यांनी बेअरिंग ओरडतं. टाकीतलं डिझेल बादलीत काढून तासभर स्थिर ठेवा, पाणी तळाशी दिसतं. फिल्टरच्या खालचा निचरा स्क्रू उघडा.

आतलं काम जास्त कटकटीचं आणि त्यातच उशीर होतो. सीट काढा, पण सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावण्याआधी बॅटरी सोडून काही मिनिटं गेलेली हवीत, ती एअरबॅग आणि बेल्टची वायरिंग असते. एअरबॅगचा कंट्रोल डबा बऱ्याच गाड्यांत गिअरच्या पुढं, तळाच्या मधल्या उंचवट्यावर असतो, म्हणजे गुडघाभर पाण्यातही तो बुडतो. कार्पेट वरून वाळलेलं दिसतं पण खालचं नमद्यासारखं जाड अस्तर पंधरा दिवस पाणी धरून ठेवतं. ते उचललं नाही तर पहिल्या दोन दिवसांत बुरशी, मग कनेक्टर हिरवे, मग पत्रा. कनेक्टर एकेक उघडून स्वच्छ पाणी, कॉन्टॅक्ट क्लीनर, हवा. प्रेशर पंप मारायचा नाही, तो गाळ आत ढकलतो.

ज्या क्लबात पुराच्या दुसऱ्या दिवशी हे करायला आठ माणसं येतात तिथं दीड हजार स्वस्त आहेत. विचारून बघा की २०२१ ला नेमकं काय केलं होतं. उत्तर गोलमाल आलं तर समजून जा.

पूर ओसरल्यावर सहा महिन्यांनी जुन्या गाडीच्या बाजारात "एकदम कोरी" गाड्या येतात, तेव्हाही क्लब उपयोगी पडतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते. स्टेपनीखाली आणि सीटच्या रुळांत गाळ बघा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कपाटात असेल तर तेही लावा: कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, २०० च्या वर परत रंगवलेला, ५०० च्या वर पुट्टी.

पाना_बारातेरा

एक दुरुस्ती. स्विफ्टचे ग्लो प्लग बारा-तेरा वर्षांनी हेडमध्ये घट्ट बसलेले असतात. थंड इंजिनावर जोर लावला तर तुटतात आणि मग हेड उतरवावं लागतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, लहान रॅचेटनं मागंपुढं हलवत काढा, अडलं तर नाद सोडून इंजेक्टरच्या बाजूनं जा.

गावभागकर

समजलं. रविवारी जातो, कपाट आणि २०२१ दोन्ही विचारतो. शेवटचा प्रश्न, ८०० ला मागच्या वेळी दुकानदारानं १५५ चे टायर घालतो म्हणून आग्रह केला होता. तपासणीला अडचण येईल का?

तीनसिलिंडर

१४५/७० आर १२ च घाला. रुंद टायर आत घासतो का हे रिकाम्या गाडीत कळत नाही, मागं दोन माणसं बसली की कळतं. आणि बाजूचा चार आकडी शिक्का बघून घ्या, ०८२३ म्हणजे २०२३ चा आठवा आठवडा. बारा इंची टायर दुकानात पडून राहतात, चार वर्षांचा जुना माल नवा म्हणून बसवतात.